गिझ्मोचा झाला कंट्रोल

आमच्या घरी ‘कंट्रोल’ म्हणजे रेशनचं दुकान. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर क्लासात सरांनी “फॉर्मवर दोन कंट्रोल टाका” असं फर्मावलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी गव्हाचं पोतं आलं. सरांना हवं होतं एक बटण आणि एक टेक्स्टबॉक्स. टूलबॉक्समधून उचलायचे, माउसने फॉर्मवर ओढायचे, झालं काम. बारसं होईपर्यंत ‘टेक्स्ट1’, ‘कमांड1’ ही तात्पुरती नावंही आपोआप पडायची.

या सोयीचा जनक अॅलन कूपर, कॅलिफोर्नियातला प्रोग्रामर. तेव्हाच्या विंडोजचं दर्शनी पान म्हणजे फायलींची रुक्ष यादी. त्याऐवजी बरं काही करावं म्हणून तो वापरणाऱ्यांशी बोलला, तर प्रत्येकाची मागणी वेगळी. मग त्याने ज्याचं त्यानेच दर्शनी पान जुळवावं असं हत्यार बनवलं आणि मार्च 1988मध्ये बिल गेट्सला दाखवलं. मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. नाव पडलं ‘रूबी’. (त्याच नावाची जपानी प्रोग्रामिंग भाषा नंतरची, हिचं-तिचं नातं नाही.)

रूबीत बटणांना, चौकटींना ‘गिझ्मो’ म्हणत. कूपरची खरी करामत त्यांना ओढून मांडण्यात नव्हती. गिझ्मोंचा डबा त्याने बंद केला नाही, यात होती. बाहेरच्या कुणीही ठरलेल्या रीतीने स्वतंत्र फाइल लिहावी, रूबीने ती उघडावी आणि नवा गिझ्मो जुन्यांच्या पंगतीला बसवावा. विंडोज 3.0सोबत रूबी बाजारात आलीच नाही. गेट्सने तिच्यातली छोटी भाषा काढून बेसिक बसवली. कूपरने पुढे लिहिलंय की हे त्याला न विचारता झालं. मे 1991मध्ये जे बाहेर आलं ते व्हिज्युअल बेसिक. गिझ्मोंना आता विंडोजमधलाच रुळलेला शब्द लागला: कंट्रोल.

डबा मात्र उघडाच राहिला. बाहेरून आणलेल्या कंट्रोलच्या फाइलला ‘व्हीबीएक्स’ म्हणत. ती लोड होताना स्वतःचे गुणधर्म आणि इव्हेंट व्हिज्युअल बेसिकला सांगायची. मग घरचा कोण नि पाहुणा कोण, हे प्रॉपर्टीजच्या खिडकीत ओळखू येत नसे. तक्ते, आलेख, उठावाची करडी पॅनेलं असं सगळं तयार मिळू लागलं आणि नुसते कंट्रोल विकून कंपन्या चालल्या. मला विचाराल तर व्हिज्युअल बेसिक बेसिकमुळे नव्हे, या पाहुण्यांमुळे चाललं.

पाहुण्यांचा जाचही होता. या फायली बहुधा विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये, सगळ्यांना सामाईक. मी लिहून बसवलेला बिलिंगचा प्रोग्राम एका दुकानात एके दिवशी उघडेना. आदल्या दिवशी कुणीतरी दुसरं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि त्याने माझ्या तक्त्याच्या फाइलवर जुनी आवृत्ती चढवली होती. मालकांच्या लेखी दोषी मीच.

व्हीबीएक्सची रचना 16 बिटांच्या विंडोजला जखडलेली. 32 बिटांचा काळ आला तसे त्यांच्या जागी ‘ओसीएक्स’ आले. 1996मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांना अॅक्टिव्हएक्स हे भारदस्त नाव दिलं. तरी कंट्रोल घडवायचा तर सी किंवा सी++ यायला हवी, ही अट बहुतेकांना नडायची. व्हिज्युअल बेसिकच्या 1997च्या पाचव्या आवृत्तीने ती काढली. ‘यूजर कंट्रोल’ घ्यायचा, त्यात साधा टेक्स्टबॉक्स ठेवायचा, आपले नियम लिहायचे की तो प्रत्येक फॉर्मवर चालतो. मी पहिला केला तो रुपयांचा. व्हिज्युअल बेसिकला स्वल्पविरामाचा साचा दिला की ते 1,234,567 छापायचं. आमच्या व्यापाऱ्यांना हवे 12,34,567. हे लाखा-कोटींचे स्वल्पविराम एकदाच लिहिले आणि पुढच्या प्रत्येक बिलिंगमध्ये तोच कंट्रोल ओढून टाकला.

शेवटची, सहावी आवृत्ती 1998ची. तिच्यावर लिहिलेले प्रोग्राम चालवणारी मूळ फाइल आजही विंडोज 11सोबत येते. ओसीएक्स मात्र ज्याचे त्यानेच सोबत न्यायचे.