रुग्णाची भाषा

नाडी सर्व देशांत सारखीच चालते. परंतु वेदना सांगण्याची रीत, लज्जा आणि पथ्य हीं देशोदेशीं निराळीं असतात. परमुलखांत शुश्रूषा करूं इच्छिणाऱ्यानें तीं प्रथम शिकावीं लागतात. या शिक्षणाचा उत्तम दाखला आपल्या सोलापूरच्या एका सुपुत्रानें घालून दिला आहे.

१९३८ सालीं जपानच्या आक्रमणानें गांजलेल्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर आणि सोलापूरचे २७ वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे होते. पथकांतील प्रत्येकानें आपल्या चिनी नांवास ‘हुआ’, म्हणजे चीन, हें पद जोडलें. कोटणीसांचे ‘के दिहुआ’ झाले.

नांव बदलणें सोपें. भाषा साधणें कठीण. कोटणीसांनीं ती इतकी आत्मसात केली कीं, ते चिनी विद्यार्थ्यांस चिनी भाषेंतच शल्यविद्या शिकवूं लागले. १९४१ सालीं बेथून रुग्णालयाची धुरा त्यांजकडे आली. तेथील विद्यालयांत शुश्रूषाशास्त्र शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशीं त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत जन्मलेल्या मुलाचें नांव ‘यिनहुआ’ ठेवण्यांत आलें. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. पुढें चारच महिन्यांनीं, ९ डिसेंबरला, वयाच्या ३२ व्या वर्षीं कोटणीस निवर्तले.

त्या बालकाच्या नांवांत या शिक्षणाचें सार आहे. दुसऱ्याचें आपलेंसें करावें, पण स्वतःचें टाकूं नये.

आज हा धडा आपल्या दाराशीं आला आहे. आमच्या चाकणला २००९ सालीं जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढें २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्यांत परिचारिकांचाहि समावेश आहे. त्यासाठीं जर्मन शिकणें ओघानेंच आलें. परंतु भाषेची परीक्षा ही केवळ वेस होय. गांव पुढें आहे.

आपल्याकडे रुग्णाच्या उशाशीं घरचें माणूस बसतें. त्याला स्नान घालणें, घांस भरविणें हीं कामें बहुधा तेंच करतें. डॉक्टरांस उत्तरहि पुष्कळदां मुलगाच देतो. जर्मनींत स्नानापासून भोजनापर्यंतचें साह्य परिचारिकाच करते, आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या देहाविषयींचा निर्णय त्याचाच असतो. येथें पदवी घेऊन गेलेल्या मुलीस तें स्नान घालणें हलकें काम वाटलें, तर तिची विद्या व्यर्थ होय. तेथें तोच शुश्रूषेचा गाभा मानतात. आणि वडीलधाऱ्यांस जपण्याची जी संवय ती घरून नेते, तिचा त्या वृद्धांच्या देशांत उपयोगच होईल.

म्हणून मुलींना परदेशीं धाडणाऱ्या आईबापांनीं ‘तिकडे जाऊन ती आपली राहील काय?’ या चिंतेनें व्याकूळ होऊं नये. चीनमधील शिज्याझुआंग येथें कोटणीसांच्या नांवाचें वैद्यकीय विद्यालय आहे. तेथील विद्यार्थी एका सोलापूरकराच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात.