समतोल व असमतोल तारांचा दुवा : ‘बॅलन’ निवडताना

रत्नागिरीसारख्या शहरात, जेथे वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खाऱ्या हवेने धातू लवकर गंजतो, तेथे दूरसंचार यंत्रणेतील लहानशी जोडणीही महत्त्वाची ठरते. ‘ई-१’ या डिजिटल मार्गावरून सेकंदाला २.०४८ मेगाबिट माहिती वाहते व एकाच वेळी ३० संभाषणे चालतात. जोडणी बिघडली, की ही तीसही संभाषणे एकदमच तुटतात.

हा मार्ग दोन प्रकारच्या तारांवरून नेता येतो. कोअॅक्सियल केबल ७५ ओहमची व ‘असमतोल’ असते; तिचे बाहेरचे जाळीदार वेष्टन जमिनीशी जोडलेले असते. पीळ दिलेली तारांची जोडी १२० ओहमची व ‘समतोल’ असते; दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच चढतो आणि ग्राहक यंत्रात तो वजा होतो. एका यंत्राला कोअॅक्सियल व दुसऱ्याला जोडी असेल, तर मध्ये ‘बॅलन’ हा छोटा रोहित्र लागतो. त्याला विजेचा पुरवठा लागत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.७०३ शिफारशीनुसार कोअॅक्सियलवर स्पंदाची उंची २.३७ व्होल्ट, तर जोडीवर ३ व्होल्ट असते. १२० भागिले ७५ म्हणजे १.६, त्याचे वर्गमूळ सुमारे १.२६५. बॅलनमधील वेढ्यांचे गुणोत्तर हेच असते. २.३७ ला त्याने गुणले, की बरोबर ३ व्होल्ट मिळतात. बॅलन न वापरता तारा थेट जोडल्यास सुमारे २३ टक्के व्होल्टेज परत फिरते. परावर्तन-हानी १२.७ डेसिबल भरते. १०२ ते २०४८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र किमान १८ डेसिबल अपेक्षित आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

- ७५/१२० ओहम असा स्पष्ट उल्लेख. दूरचित्रवाणीच्या अँटेनाचा ७५/३०० ओहमचा किंवा सीसीटीव्हीचा बॅलन येथे चालत नाही.
- यंत्रावरील सॉकेट : कोअॅक्सियलच्या बाजूला बीएनसी की १.६/५.६, जोडीच्या बाजूला आरजे प्रकारचा की क्रोन पट्टी.
- संख्या : पाठवण्याचा व घेण्याचा मार्ग वेगळा असल्याने प्रत्येक ई-१ साठी दोन बॅलन, अथवा दोन्ही एकत्र असलेली एक पेटी.
- दोन्ही वेढे परस्परांपासून विद्युतदृष्ट्या अलग असावेत. त्यामुळे दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरकाचा प्रवाह अडतो.

बॅलन विजेच्या लोळापासून संरक्षण देत नाही. बाहेरून येणाऱ्या जोडीला स्वतंत्र संरक्षक व पक्के अर्थिंग हवेच. तसेच तो ई-१ चे इथरनेटमध्ये रूपांतरही करत नाही. त्यासाठी वेगळे, विजेवर चालणारे यंत्र लागते. आयपी जाळ्यांमुळे ई-१ मागे पडत असला, तरी जेथे तो सुरू आहे तेथे योग्य बॅलन घेणे, हे पावसाळ्यातील खोळंबा टाळण्याचे सोपे साधन आहे.