तर्ज

तुकडोजी महाराजांच्या भजनांचं पुस्तक उघडलं की भजनाच्या डोक्यावर कंसात एक बारीक ओळ दिसते. आधी ‘तर्ज’ हा शब्द, पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द. ते गाणं ज्याला येतं त्याला हे भजनही आलंच, स्वरलेखनाची गरज नाही. अमरावती-अकोल्याकडच्या भजनी मंडळात ‘कोन्त्या तर्जवर म्हनाचं?’ एवढं विचारलं की खंजिरी सुरू व्हायला हरकत नसते. संगीत नाटकांच्या पुण्या-मुंबईकडच्या पुस्तकांत मात्र तीच जागा ‘चाल’ या शब्दाने धरलेली असते.

‘तर्ज’ मुळात अरबी. ‘तर्झ’ म्हणजे रीत, घडण, शैली. त्याच गोतातला दुसरा शब्द ‘तिराज’. अंगरख्याच्या बाहीवर किंवा काठावर भरलेली नक्षीची पट्टी, बहुधा सुलतानाच्या नावासह, तिला तिराज म्हणत. भरतकामाची ही कल्पना मूळची फारसी मानतात. फारसी-उर्दूतून हिंदीत येताना ‘झ’चा ‘ज’ झाला, पण रीत हा अर्थ काही सुटला नाही. ‘मुंबई की तर्ज पर’ असं हिंदी वर्तमानपत्र लिहितं तेव्हा त्यात गाण्याचा संबंध नसतो. आपण तिथे ‘धर्तीवर’ म्हणतो. वऱ्हाडात हा शब्द इतका घरचा का झाला याचं उत्तर मला इतिहासातच दिसतं. अचलपूरची इमादशाही, मग मोगल, मग 1853 पर्यंत निजाम. इतकी शतकं दखनी-हिंदुस्थानी कानांवर पडलेल्या मुलखात ‘तर्ज’ परकी वाटली असती तरच नवल. शिवाय महाराज मराठीइतक्याच सहजपणे हिंदीत रचत.

‘चाल’ अस्सल देशी. संस्कृत ‘चल्’पासून आलेल्या चालण्यातून निघालेली. पण मराठीने या शब्दाकडून किती कामं करून घेतली! माणसाची चाल, घोड्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर केलेली चाल, घराण्यात पडलेली चाल, आणि गाण्याची चाल. यातला ‘घराण्यातली चाल’ हा अर्थ आणि गाण्याचा अर्थ एकमेकांना फार जवळ आहेत, असं माझं मत. दोन्हींत कोणीतरी आधी चालून गेलेलं असतं. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, त्यातली पदं लोकांच्या ओळखीच्या चालींवर होती. साक्या, दिंड्या, कानडी पदांच्या चाली. नाटकासाठी मुद्दाम नव्या चाली करून त्या एका माणसाच्या नावावर लावायची पद्धत ठळक झाली ती 1911च्या ‘मानापमान’पासून. ते नाव गोविंदराव टेंब्यांचं.

आता जर्मन भाषेकडे. तिथे सुरावटीला एक जुना शब्द आहे, ‘वाइझे’. अर्थ दोन: रीत आणि गाण्याची चाल! अरबीने, मराठीने आणि जर्मनने एकमेकींना न विचारता एकच उडी मारली आहे. न्यूरेंबर्गचा जोडे शिवणारा कवी हान्स झाक्स याने केलेल्या एका चालीचं नाव ‘झिल्बरवाइझे’, म्हणजे रुपेरी चाल. तिकडच्या जुन्या गीतपुस्तकांतही गाण्याच्या डोक्यावर ‘अमुक गाण्याच्या सुरात’ अशी सूचना छापलेली असे. आपल्या कंसातल्या तर्जेची ती सख्खी बहीणच. ‘वाइझे’चं मूळ ‘पाहणे, जाणणे’ या अर्थाच्या ज्या धातूकडे नेतात, तोच आपल्या ‘विद्’चा, म्हणजे वेदाचा आणि विद्येचाही पूर्वज. ‘त्रिविध’मधला ‘विध’ ऐकायला आणि अर्थानेही जवळचा वाटतो, पण तो ‘वि’ आणि ‘धा’ यांच्यातून आलेला. व्युत्पत्तीच्या वाटेवर अशा सारख्या तोंडवळ्याच्या माणसांनी भल्याभल्यांना फसवलं आहे.

तर्जेवर तर्ज चढत जाण्याचा जर्मनीतला नामांकित दाखला रचनाकार हान्स लिओ हास्लरचा. 1601 मध्ये त्याने एक प्रेमगीत छापलं. एका तरुणीमुळे मन थाऱ्यावर नाही, असा विषय. पुढे तीच चाल भक्तिगीताला लागली, आणि पाउल गेरहार्टने ख्रिस्ताच्या काट्यांनी जखमी झालेल्या मस्तकावर लिहिलेलं पदही तिच्यावरच बसलं. योहान सेबास्टियन बाखने लाइपझिगमध्ये ख्रिस्ताच्या यातनांवरचं ‘मॅथ्यू पॅशन’ रचलं त्यात ही चाल पाच वेळा येते, बहुतेक वेळा खालची स्वरांची बैठक वेगळी. प्रेमगीताची चाल देवाच्या दारी गेली म्हणून नाक मुरडणाऱ्याने सिनेमाच्या चालीवर रंगलेलं भजन एकदा ऐकावं. नवे शब्द जिभेवर रुळले की जुने कोणाला आठवतात?

बाख 1750 मध्ये गेला आणि ‘मॅथ्यू पॅशन’ विस्मरणात पडलं. 11 मार्च 1829 रोजी बर्लिनमध्ये ते पुन्हा उभं केलं फेलिक्स मेंडेल्सोनने, वयाच्या विसाव्या वर्षी. हस्तलिखिताची प्रत त्याला आजीने दिलेली. मेंडेल्सोन रचनाकार तर होताच, पण हातात छोटी काठी धरून वाद्यवृंद चालवणाऱ्या पहिल्या पिढीतला बिनीचा माणूसही होता.

या दुसऱ्या कामाला मराठीत काय म्हणावं? इंग्रजी ‘कंडक्टर’ एसटीने कधीच पळवला. तिथे ‘चालक’ निराळा आणि ‘वाहक’ निराळा, आणि कंडक्टर म्हणजे वाहक. वाद्यवृंदापुढे उभा राहणारा माणूस मात्र तिकीट फाडत नाही, गाडी हाकतो. अर्थाने तो चालकाकडचा. ‘संगीत संचालक’ हा शब्द कोरडा सरकारी वाटतो खरा, पण त्याच्या पोटात तोच ‘चल्’ आहे जो ‘चाली’त आहे, म्हणून मला तो पटतो. चाल ज्याची त्याची असो, तिला पाय देणारा तो संचालक. रचनाकारासाठीही जर्मनमध्ये एक छान जुना शब्द आहे, ‘टोनझेट्सर’, सूर बसवणारा. आपण ‘चाल बसवणे’ म्हणतो ते याहून वेगळं नाही.

मेंडेल्सोन 1835 पासून 1847 मध्ये मरेपर्यंत लाइपझिगच्या ‘गेवांडहाउस’चा ‘कपेलमाइस्टर’ होता. गेवांडहाउस म्हणजे कापडगृह. कापड व्यापाऱ्यांच्या या इमारतीत वरच्या मजल्यावर 1781 मध्ये संगीताचं सभागृह झालं, आणि पुढे नव्या इमारती झाल्या तरी नाव कापडाचंच राहिलं. ‘कपेल’चा इतिहास तर आणखी मागचा: लॅटिनमध्ये ‘कपेला’ म्हणजे छोटा झगा. संत मार्टिनने भिकाऱ्याला अर्धा कापून दिलेल्या झग्याचा उरलेला तुकडा जिथे जपला ते देवघर ‘कपेला’, तिथे गाणारे-वाजवणारे ते ‘कपेल’, शेवटी नुसता वाद्यवृंद. ‘माइस्टर’ लॅटिन ‘मॅगिस्टर’चा वंशज. त्याच घरातला पोर्तुगीज ‘मेस्त्र’ आपल्याकडे मिस्त्री झाला आणि इंग्रजी ‘मास्टर’ बँडमास्तर. मास्टर कृष्णराव, मास्टर दीनानाथ हेही याच पंगतीतले. तेव्हा मेंडेल्सोनच्या हुद्द्याचं शब्दशः मराठी होतं ‘कापडगृहाच्या झग्याचा मास्तर’. वऱ्हाडातल्या कापूस बाजारात हा हुद्दा कोणाला खटकू नये.

आणि शेवटी हा मास्तर स्वतःच तर्ज झाला. 1840 मध्ये गुटेनबर्गच्या छपाईला चारशे वर्षं झाली म्हणून लाइपझिगच्या चौकात उत्सव होता. त्यासाठी मेंडेल्सोनने पुरुषांचा गायकवृंद आणि पितळी वाद्यं यांच्याकरता एक गीत बसवलं. विषय छापखाना! ही चाल धार्मिक शब्दांना मुळीच शोभायची नाही, तिला काहीतरी उल्हासाचं, लोकांच्या उत्सवाचं हवं, असं त्याने इंग्लंडमधल्या प्रकाशकाला पुढे कळवलंही होतं. त्याच्या मृत्यूनंतर 1855 मध्ये विल्यम कमिंग्ज या इंग्रज ऑर्गनवादकाने नेमकं याच्या उलट केलं. चार्ल्स वेस्लीचं 1739चं नाताळगीत घेतलं आणि छापखान्याच्या चालीवर बसवलं. ‘हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग’ या नावाने नाताळात जगभर गातात ते हेच. रचनाकाराचा अंदाज सपशेल चुकला, हे त्याच्या कामाला बाधक मुळीच नाही. चाल एकदा रस्त्याला लागली की तिच्यावर कोण चालेल हे बसवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

वऱ्हाडी भजनाच्या पुस्तकात तर्जेपुढे गाणं येतं, गाणं करणाऱ्याचं नाव येत नाही. हास्लरचंही तसंच झालं. त्याची चाल इंग्रजी उपासनापुस्तकांत ‘पॅशन कोराल’ म्हणून ओळखली जाते. नाताळगीताच्या वर मात्र चालीचं नाव म्हणून बहुतेक पुस्तकांत एकच शब्द छापलेला असतो: मेंडेल्सोन.