मागच्या दाराने आडलॉनमध्ये

पुढच्या दाराने जाऊ नका. तिथे आज खुद्द कैसर, जर्मनीचे सम्राट, येणार आहेत, आणि तुमचे बूट बघून दारातला पोलीसच तुम्हाला हटकेल. कोपऱ्यावरून वळा आणि मागच्या अंगाने या, जिथून कोळसा आणि बटाट्याची पोती आत जातात.

तारीख २३ ऑक्टोबर १९०७. गाव बर्लिन. उंटर डेन लिंडेन हा राजरस्ता पारिझर प्लाट्स या चौकात येऊन थांबतो, समोर ब्रांडेनबुर्गची वेस उभी असते, आणि त्याच कोपऱ्यावर आडलॉन हे नवंकोरं हॉटेल झालंय. सम्राट आज नुसतं बघून जाणार. त्यांचं पाहणं होईपर्यंत तुम्हाला काम आहे. बाह्या वर करा.

ही भट्टी, हा धोबीखाना, हे वीजघर. आडलॉनची वीज आडलॉनमध्येच तयार होते. बर्लिनच्या चाळींमधून माणसं अजून अंगणातल्या सामाईक संडासाला जातात, आणि इथे वरच्या खोल्यांत तोटी फिरवली की गरम पाणी येतं. म्हणजे आपोआप येत नाही, तुम्ही इथे खाली घाम गाळता म्हणून येतं. पण पाहुण्याला ते कळू नये, यातच या धंद्याची सगळी मेख आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरचं ताज हॉटेल उघडून अजून चार वर्षं पुरी झालेली नाहीत, आणि त्याच्या लिफ्ट याच देशातून गेल्या असं सांगतात. तिथेही खाली कोणी तरी तुमच्यासारखं उभं असणार.

जिन्यावरून खाली डोकावतोय तो मालक, लोरेन्झ आडलॉन. माइन्झचा माणूस. शिकला सुतारकाम, कमावलं वाइनवर आणि खानावळींवर. या जागेवर आधी रेडर्न घराण्याचा वाडा होता, शिंकेलसारख्या वास्तुकाराचा हात लागलेला. असा वाडा पाडायचा म्हटल्यावर बर्लिनमध्ये कुरकुर झाली. पण सम्राटालाच हे हॉटेल हवं होतं, आणि त्याने शब्द टाकल्यावर वाडा गेला. हॉटेलवर दोन कोटी मार्क लागले म्हणतात. आपल्या थंडगार राजवाड्यात पाहुण्यांना उतरवण्यापेक्षा कैसरला इथे ठेवणं सोयीचं वाटे, आणि त्यासाठी तो खोल्या राखून ठेवायला वर्षाकाठी ठरावीक रक्कम भरत असे. सुतारकामातून वर आलेल्या लोरेन्झने आपली सगळी निष्ठा या एका गिऱ्हाइकाला वाहिली. धंद्यात असं करू नये, पण त्याला आता कोण सांगणार?

भट्टीत आणखी एक फावडं टाका. डोळ्यांतला धूर पुसून वर बघाल तेव्हा १९१८ साल असेल.

नोव्हेंबरच्या ९ तारखेला कैसरचं राज्य संपलं. दुसऱ्या दिवशी तो हॉलंडला निघून गेला. चौकात लाल झेंडे आणि बंदुका आहेत. लोरेन्झला मात्र हे पटलेलंच नाही. समोरच्या वेशीला पाच वाटा आहेत, आणि त्यातली मधली फक्त राजघराण्याच्या गाड्यांसाठी, असा दंडक होता. दंडक गेला तरी म्हातारा रस्ता ओलांडताना मधल्या वाटेकडे बघतच नाही. तिथून येणार असेल तर फक्त सम्राट येईल, आणि तो तर गेला! एकदा त्याला गाडीने उडवलं. तो वाचला, पण सवय गेली नाही. १९२१ मध्ये, सांगतात की जवळपास त्याच जागी, पुन्हा गाडी आली. ७ एप्रिलला तो गेला. आडलॉनच्या गोष्टींत ही गोष्ट इतकी तासून गोल केलेली आहे, की खरी किती आणि घडवलेली किती, असा संशय येतो. पण मागच्या अंगाला ती सगळ्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा तुम्हीही मान डोलवा.

पुढे मुलगा लुई आणि त्याची बायको हेडा. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडतात. तुमचा पगार हातात पडताच पावाच्या दुकानाकडे पळा, संध्याकाळपर्यंत त्याचा अर्धाही पाव येणार नाही. वर दिवाणखान्यात ज्याच्या खिशात डॉलर आहेत तो बर्लिनचा राजा. १९३१ च्या मार्चमध्ये चॅप्लिन येतो, आणि दारातली गर्दी आठवण म्हणून त्याच्या विजारीची बटणं तोडून नेते म्हणतात. जगातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस हाताने विजार सावरत आडलॉनमध्ये शिरला, हे चित्र मला सगळ्या राजेरजवाड्यांपेक्षा जास्त आवडतं.

दोन वर्षांनी, ३० जानेवारी १९३३ च्या रात्री, हिटलर सत्तेवर आला म्हणून त्याच दारासमोरून मशाली जातात. वेशीतून आत येणाऱ्या रांगा संपतच नाहीत. नाझी पुढारी मंडळींचा ओढा जरा पलीकडच्या कायझरहोफ हॉटेलाकडे जास्त; आडलॉनमध्ये परदेशी वकील आणि बातमीदार. त्यांतला एक अमेरिकन, विल्यम शायरर. काही वर्षांपूर्वी हा गृहस्थ हिंदुस्थानात गांधीजींच्या मागे बातम्या गोळा करत फिरत होता. युद्ध सुरू झाल्यावर तो रात्री रेडिओवर बोलून परत येतो, आणि सेन्सॉरने काय कापलं ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. तुम्ही त्याच्या खोलीत टॉवेल ठेवायला जाल तेव्हा वहीकडे बघू नका. लुई १९४१ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला, हेही मोठ्याने बोलू नका.

मग बाँब पडू लागतात. तळमजल्याभोवती विटांची जाड भिंत उभी राहते आणि खाली बंकर खणला जातो. शेवटच्या दिवसांत दालनांत जखमी सैनिकांच्या खाटा लागतात, आणि तुमच्या धोबीखान्यातून निघणाऱ्या चादरींचा रंग बदलतो. आजूबाजूचं बर्लिन कोसळलं तरी आडलॉन उभं राहिलं. २ मे १९४५ ला शहराने शरणागती पत्करली. त्याच रात्री आग लागली. रेड आर्मीचे सैनिक वाइनच्या तळघरात उतरले आणि तिथूनच सुरू झाली, असं सांगतात. लुईला सोव्हिएत सैनिकांनी पकडलं. थोड्याच दिवसांत तो मेला.

सकाळी बाहेर येऊन बघा. दिवाणखाना गेला, जिना गेला, सम्राटाने पाहिलेलं सगळं गेलं. राहिली ती मागची बाजू. तुमची.

आडलॉनवरची माहितीपत्रकं इथून पुढे भराभर पानं उलटतात, आणि तिथेच माझं त्यांच्याशी बिनसतं. पुढचा भाग जगला साडेसदतीस वर्षं. उरलेला मागचा भाग पूर्व जर्मनीच्या हद्दीत त्यानंतर एकोणचाळीस वर्षं जगला. त्यात पुन्हा खोल्या लागल्या, दारावर आडलॉनचं नाव आलं, पाहुणे उतरू लागले. पण आता पाहुण्याला डॉलरवाल्यांच्या राज्यातली ऐट मिळत नाही, स्वच्छ चादर आणि बटाट्याचं सूप मिळतं. तिकडे पश्चिमेत हेडा आडलॉनने पन्नाशीच्या दशकात नावाचा हक्क केम्पिन्स्की या हॉटेल कंपनीला दिला. म्हणजे नाव एका जर्मनीत आणि भिंती दुसऱ्या जर्मनीत.

१३ ऑगस्ट १९६१. सकाळी वेशीपाशी काटेरी तार ताणलेली आहे. पुढे तिची भिंत होते. चौकातल्या जवळजवळ सगळ्या इमारतींचे अवशेष हटवलेले आहेत, त्यामुळे पहारेकऱ्याला समोर मोकळं दिसतं. तुम्ही खिडकी पुसता आणि बाहेर गवताखेरीज काही नसतं. १९६४ मध्ये दर्शनी भिंतीची डागडुजी होते. सत्तरच्या दशकात पाहुणे बंद होतात आणि शिकाऊ कामगारांचं वसतिगृह सुरू होतं. कारखान्यात दिवसभर हात काळे केलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं आडलॉनच्या खोल्यांत मोजे वाळत घालतात. या वास्तूत राहिलेल्यांची यादी काढताना त्यांची नावं कोणी घेत नाही. १९८४ मध्ये हा उरलेला मागचा भागही पाडला. आणखी पाच वर्षं थांबले असते तर समोरची भिंत आधी पडली असती.

आता पुढच्या दाराने चला. कोणी हटकणार नाही. २३ ऑगस्ट १९९७, राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्झोग नव्या आडलॉनचं उद्घाटन करताहेत. नवी इमारत जुन्यासारखी आहे, जुनी नाही. लॉबीत काळ्या हत्तींचं कारंजं आहे. एका हिंदुस्थानी महाराजाने ते आडलॉनला भेट दिल्याची गोष्ट सांगितली जाते. नक्कल १९०७ ची आहे, आणि ते समजण्यासारखं आहे, वसतिगृहाच्या लोखंडी खाटेवर झोपण्यासाठी कोण एवढे पैसे मोजेल? बर्लिनच्या वास्तुकारांनी या जुन्या मुखवट्याला नाकं मुरडली. पर्यटकांनी मुरडली नाहीत.

१९ नोव्हेंबर २००२. चौकात गर्दी आहे आणि सगळ्यांच्या माना वर. १९९६ मध्ये अंधेरीत नाचून गेलेला मायकल जॅक्सन बाल्कनीत आला आहे, आणि त्याने आपलं तान्हं मूल कठड्याबाहेर धरलं आहे, तोंडावर कापड टाकून. क्षणभरच. मग तो आत जातो, आणि खाली उभे असलेले लोक ती बाल्कनी नेमकी कुठली, ते बोटांनी मजले मोजून ठरवू लागतात.