रोमहून आगगाडीने एक दिवसाची तीर्थयात्रा

४ ऑक्टोबर १९६२ रोजी सकाळी व्हॅटिकनच्या छोट्याशा रेल्वे स्थानकातून एक आगगाडी निघाली. तिच्यातून पोप तेविसावे जॉन महोदय प्रवास करीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेला अवघा एक आठवडा उरला होता. परिषद सफळ व्हावी, अशी प्रार्थना करण्यासाठी पोप महोदय लोरेटो आणि असिसी या दोन तीर्थस्थानांना निघाले होते. पुढे २४ जानेवारी २००२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि २७ ऑक्टोबर २०११ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट हे विविध धर्मांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन शांततेच्या प्रार्थनेसाठी आगगाडीनेच असिसीला गेले. रोमहून सकाळी निघावे, एका पवित्र स्थळी दिवस घालवावा आणि रात्री परतावे, हा मार्ग असा खुद्द पोप महोदयांनी चोखाळलेला आहे.

रेल्वेच्या बाबतीत आपण मुंबईकर-वसईकर रोमच्या थोडे पुढेच होतो. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. रोमची पहिली आगगाडी जवळच्या फ्रास्काती गावापर्यंत धावली ती १८५६ मध्ये. तत्पूर्वीचे पोप सोळावे ग्रेगरी यांनी आपल्या राज्यात रेल्वेला परवानगीच दिली नव्हती. त्यांच्यानंतर आलेल्या पोप नववे पायस यांनी ती दिली. ह्याच नवव्या पायस महोदयांनी ८ जून १८६२ रोजी वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांना संतपद बहाल केले.

आपल्याकडून रोमला जाणाऱ्या बहुतेक भाविकांसाठी ती आयुष्यात एकदाच घडणारी यात्रा असते. त्यासाठी अनेक वर्षे पैसे साठवलेले असतात. मात्र दहा दिवसांत सात-आठ शहरे दाखवणाऱ्या सहलीत असिसीसारख्या ठिकाणी दोन तास मिळतात. छायाचित्रे घेता घेता ते संपतात आणि संतांच्या कबरीसमोर गुडघे टेकायचे राहून जाते. ज्यांना रोममध्ये दोन-तीन दिवस जास्त राहणे शक्य आहे, त्यांनी एका दिवशी एकच स्थळ निवडून आगगाडीने जावे, असे आम्ही सुचवू इच्छितो. त्यासाठी आवश्यक ती माहिती येथे देत आहोत.

स्थानक, गाड्या आणि तिकिटे

रोमचे मुख्य स्थानक तेर्मिनी. शेजारी सम्राट डायोक्लेशियनने बांधलेली विशाल स्नानगृहे होती. त्यांच्या लॅटिन नावावरून हे नाव पडले. त्याच अवशेषांत मायकेलअँजेलोच्या आराखड्यानुसार उभारलेले देवदूतांच्या मरियेचे महामंदिर आहे. स्थानकाच्या दुसऱ्या बाजूला, मार्साला रस्त्यावर, संत जॉन बॉस्को यांनी अपार कष्टाने बांधून घेतलेले येशूच्या पवित्र हृदयाचे महामंदिर आहे. १६ मे १८८७ रोजी तेथे मिस्सा अर्पण करताना डॉन बॉस्को यांना वारंवार अश्रू अनावर झाले होते. गाडीला वेळ असेल तर प्रवासाचा आरंभ येथील प्रार्थनेने करावा.

गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. 'रेजिओनाले' म्हणजे प्रादेशिक गाड्या सावकाश जातात, त्यांचे भाडे ठरलेले असते आणि आसन राखून ठेवावे लागत नाही. 'फ्रेच्चारोस्सा' आणि 'इटालो' या अतिवेगवान गाड्यांत आसन राखीव असते व तिकीट जितके आधी घ्यावे तितके सहसा स्वस्त पडते. या लेखातील बहुतेक स्थळांना प्रादेशिक गाडी पुरेशी आहे.

प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट विकत घेतल्याने काम संपत नाही. गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात ते घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. मोबाइलवर तिकीट घेतले असेल तर गाडी सुटण्यापूर्वी 'चेक-इन' करावे लागते. हे विसरल्यास तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. 'मला ठाऊक नव्हते' ही सबब तपासनीस सहसा ऐकत नाही.

काही शब्द पाठ करून ठेवावेत. 'पार्तेंझे' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'आर्रिवी' म्हणजे येणाऱ्या, 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर. वेळापत्रकात 'फेरियाली' म्हणजे कामाचे दिवस आणि 'फेस्तिवी' म्हणजे रविवार व सणाचे दिवस. फलक पाहताना गावाच्या नावाऐवजी गाडीचा क्रमांक जुळवावा, कारण फलकावर गाडीचे शेवटचे स्थानक लिहिलेले असते. तेर्मिनीत 'एस्त' असे लिहिलेले फलाट मुख्य फलाटांपासून बरेच लांब आहेत. वृद्ध सोबत असतील तर पंधरा-वीस मिनिटे हाताशी ठेवावीत. काही गाड्या तेर्मिनीऐवजी तिबुर्तिना स्थानकातून सुटतात, हेही आधी पाहून ठेवावे.

'शोपेरो' म्हणजे संप. इटलीत तो अधूनमधून होतो, पण आधी जाहीर केला जातो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत काही प्रादेशिक गाड्या संपातही चालवल्या जातात.

दिवस ठरवताना बुधवारी पोप महोदयांची सार्वजनिक भेट आणि रविवारी दुपारी बारा वाजता देवदूताची प्रार्थना असते, हे ध्यानात घ्यावे. प्रवास इतर दिवशी ठेवावा. लहान गावांतील अनेक चर्चे दुपारी दोन-तीन तास बंद असतात, म्हणून सकाळची गाडी घ्यावी. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख सर्वत्र आवश्यक आहे.

कास्तेल गांदोल्फो : अर्धा दिवस

तेर्मिनीहून आल्बानो मार्गावरील गाडी पाऊण तासात कास्तेल गांदोल्फोला पोहोचवते. स्थानक लहान आहे आणि तेथून गावापर्यंत चढण आहे. खाली ज्वालामुखीच्या विवरात तयार झालेले आल्बानो सरोवर दिसते.

येथील प्रासाद हे पोप महोदयांचे उन्हाळी निवासस्थान. बारावे पायस १९५८ मध्ये आणि सहावे पॉल ६ ऑगस्ट १९७८ रोजी येथेच देवाघरी गेले. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेला सहावे पॉल आले होते. त्यांना पाहिलेले वडीलधारे आजही आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्या घरातील कोणी रोमला गेल्यास या प्रासादासमोर पोप पॉल यांच्यासाठी एक प्रार्थना अवश्य म्हणावी. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी पदत्याग अमलात येण्यापूर्वी सोळावे बेनेडिक्ट यांनी येथल्याच सज्जातून लोकांचा निरोप घेतला. पोप फ्रान्सिस यांनी हे निवासस्थान स्वतःसाठी वापरले नाही. २०१६ मध्ये त्यांनी तेथील दालने जनतेसाठी खुली केली. २०२५ च्या उन्हाळ्यात पोप चौदावे लिओ यांनी या गावी विश्रांतीसाठी येण्याची प्रथा पुन्हा सुरू केली.

ओर्व्हिएतो : ख्रिस्तशरीराच्या सणाचे गाव

रोमपासून प्रादेशिक गाडीने सुमारे सव्वा ते दीड तास. गाव उंच खडकावर आणि स्थानक पायथ्याशी आहे. स्थानकासमोरूनच दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी काही मिनिटांत वर नेते. तेथून प्रमुख मंदिरापर्यंत छोटी बस जाते.

१२६३ मध्ये जवळच्या बोल्सेना गावी एक धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत होते. भाकरीत ख्रिस्त खरोखरच उपस्थित असतो का, या शंकेने त्यांचे मन ग्रासले होते. परंपरा सांगते की त्या क्षणी पवित्र भाकरीतून रक्त पाझरले आणि वेदीवरील शुभ्र वस्त्र भिजले. पोप चौथे अर्बन तेव्हा ओर्व्हिएतोत राहत होते. ते वस्त्र त्यांच्याकडे आणण्यात आले. ११ ऑगस्ट १२६४ रोजी त्यांनी ख्रिस्तशरीराचा सण संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. या सणाची उपासना संत थॉमस अक्वायनस यांनी रचली, असे मानले जाते. पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी आपल्या चर्चमध्ये म्हटले जाणारे लॅटिन गीत त्यांचेच.

ते वस्त्र प्रमुख मंदिरातील एका उपमंदिरात जतन केले आहे. मंदिराची पायाभरणी १२९० मध्ये झाली. समोरच्या उपमंदिरात लुका सिन्योरेल्ली यांनी रंगवलेली अंतिम न्यायाची चित्रे आहेत. बोल्सेनाचा प्रसंग राफाएलने व्हॅटिकनमधील एका दालनात रंगवला आहे. ते चित्र आधी पाहून मग ओर्व्हिएतोला गेल्यास दोन्हींचा अर्थ अधिक उलगडतो. डोंगरगाडीच्या वरच्या टोकाजवळ पोप सातवे क्लेमेंट यांनी खोदवून घेतलेली खोल विहीर आहे. उतरण्याचा आणि चढण्याचा जिना वेगवेगळा असून प्रत्येकी २४८ पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी ती वरूनच पाहावी.

असिसी : संपूर्ण दिवस राखून ठेवावा

थेट गाडीने सुमारे दोन ते अडीच तास लागतात. थेट गाडी नसल्यास फोलिन्यो येथे बदलावी लागते. असिसीचे स्थानक डोंगरावरील गावात नाही, तर पायथ्याच्या देवदूतांच्या मरियेच्या वस्तीत आहे. तेथून वर बस जाते. अनेक प्रवासी घाईने ती बस धरतात आणि स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले देवदूतांच्या मरियेचे महामंदिर राहून जाते. आमच्या मते दिवसाचा आरंभ तेथेच करावा.

त्या भव्य महामंदिराच्या आत एक लहानसे दगडी देवघर आहे. ते पोर्झिउंकोला. संत फ्रान्सिस यांनी ते स्वतः दुरुस्त केले आणि फ्रान्सिस्कन संघ तेथेच रुजला. १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री संत क्लारा येथेच व्रतस्थ जीवनात आल्या. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिस यांनी याच देवघराजवळ उघड्या जमिनीवर देह ठेवला. २०२६ हे त्यांच्या निधनाचे ८०० वे वर्ष आहे.

वसईकर भाविकांसाठी या जागेचा आणखी एक अर्थ आहे. संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर टांगून भाल्यांनी भोसकण्यात आले, तेव्हा त्यांच्या अंगावर याच संघाचा झगा होता. त्या झग्याचा इतिहास पोर्झिउंकोलाच्या चार भिंतींत सुरू होतो. भारतात जन्मलेल्या पहिल्या संताचे आध्यात्मिक माहेर आपण येथे पाहत असतो.

वर गावात संत फ्रान्सिस यांचे महामंदिर आहे. वरच्या मंदिरात त्यांच्या जीवनावरील, परंपरेने जोत्तो यांची मानली जाणारी २८ भित्तिचित्रे आहेत. तळघरात त्यांची कबर आहे. शतकानुशतके दडलेली ही कबर १८१८ मध्ये पुन्हा सापडली. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात वरच्या मंदिराचे छत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये मंदिर पुन्हा उघडले. संत क्लारा यांच्या महामंदिरात फ्रान्सिस यांच्याशी बोललेला, अशी श्रद्धा असलेला सान दामियानोचा क्रूस आहे. तरुणांनी संत कार्लो अकुतिस यांची कबर चुकवू नये. २००६ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने निधन पावलेल्या या मुलाला पोप लिओ यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित केले.

परतीच्या शेवटच्या थेट गाडीची वेळ सकाळी स्थानकावरच लिहून घ्यावी.

कास्सिनो : मठ आणि मराठी नावे

नेपल्सकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर, सुमारे दोन तासांवर कास्सिनो आहे. डोंगरमाथ्यावर संत बेनेडिक्ट यांनी सुमारे ५२९ मध्ये स्थापन केलेला मठ आहे. तेथे ते आणि त्यांची बहीण संत स्कोलास्तिका यांची समाधी आहे. वर जाणाऱ्या बसगाड्या मोजक्याच असतात, म्हणून आधी चौकशी करावी.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हा मठ बॉम्बफेकीत उद्ध्वस्त केला. तो पूर्वीच्याच आराखड्याने पुन्हा उभारला गेला आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी सहावे पॉल यांनी त्याचे पवित्रीकरण करून संत बेनेडिक्ट यांना युरोपचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

पायथ्याशी राष्ट्रकुलाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे भारतीय जवानही विसावले आहेत. ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे शिळांवर कोरलेली आहेत. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. रायगडमधील माणगाव तालुक्याच्या या जवानाला १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. मठात शांततेसाठी प्रार्थना करून उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूने, धर्म कोणताही असो, आपल्या मातीतील या माणसांसमोर क्षणभर उभे राहावे.

थोडक्यात

पोम्पेई येथील पवित्र माळेच्या मरियेचे तीर्थस्थानही नेपल्समार्गे एका दिवसात करता येते. त्याचे संस्थापक बार्तोलो लोंगो यांना १९ ऑक्टोबर २०२५ रोजी संतपद मिळाले. मात्र पोम्पेई नावाची एकाहून अधिक स्थानके आहेत. प्राचीन अवशेषांजवळचे स्थानक वेगळे आणि तीर्थस्थानाजवळचे वेगळे, हे तिकीट घेताना विचारून घ्यावे.

वेळ एकाच दिवसाचा असेल तर असिसी निवडावे. दोन दिवस असतील तर त्यात ओर्व्हिएतोची भर घालावी. एकाच दिवशी दोन्ही करण्याचा मोह टाळावा. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून जपमाळेचे पाच दशक म्हणावेत आणि घरी राहिलेल्या आजारी, वृद्ध माणसांचे हेतू त्यात गुंफावेत. ज्यांना यात्रा घडली नाही त्यांच्या वतीनेही ती पूर्ण होवो, हीच प्रार्थना.