ट्रेनिंगला निघताय? एक वही कोरी ठेवा

काही महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी घर सोडायचं ठरलं की आपण आधी यादी करतो: बूट, औषधं, हार्ड डिस्क. त्या यादीत एक कोरी वहीही हवी. का, ते नागझिऱ्यात काम केलेल्या एका माणसाकडे पाहिलं की कळतं.

मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ चा, सोलापूरचा. पंचविशीच्या आसपास ते वनशास्त्र शिकायला दूर कोइमतूरला गेले. पुढे वनखात्यात ३६ वर्षं नोकरी झाली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी.

आता गंमत बघा. शास्त्रीय नावं कॉलेजात शिकता येतात. पण तळ्यावरच्या पक्ष्याला तिथले धीवर काय म्हणतात, ते कुठल्या अभ्यासक्रमात असतं? असे शब्द त्यांनी आदिवासींकडून, धीवरांकडून वर्षानुवर्षं टिपले. 'पक्षिकोशा'मागे ही मेहनत आहे. बगळ्यांच्या वीण-वसाहतीला 'सारंगागार' हा शब्दही त्यांनीच रुळवला.

तुमच्या संशोधनाशी याचा थेट संबंध आहे. एकाच पक्ष्याला तीन गावांत तीन नावं असतील आणि तुम्ही ती जुळवली नाहीत, तर मुलाखतींच्या डेटात एका जातीच्या तीन जाती होतील! म्हणून स्थानिक नाव, गाव, तारीख लगेच लिहा. शास्त्रीय नाव खात्री झाल्यावर.

ट्रेनिंग जंगलातलं असो की परदेशी समुद्रातल्या डायव्हिंगचं, पद्धत प्रशिक्षक शिकवतील. बाकीचं तिथली माणसं शिकवतात, आपण विचारलं तर.