फाळके : दादरचे पहिले 'पडद्यावरचे' कुटुंब

रिॲलिटी शोंनी आज घराणी प्रसिद्धीस आणली. दादरच्या एका घराने हे शतकापूर्वीच साधले होते. दादासाहेब फाळके यांचे बिऱ्हाड हाच त्यांचा स्टुडिओ. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला, तेव्हा रोहिदास होता त्यांचाच पुत्र भालचंद्र. तारामतीसाठी मात्र स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहातील अण्णा साळुंके लुगडे नेसले.

सहाच वर्षांनी, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. आरंभी तिचे मुखाभिनय स्वतंत्रपणे दाखवले आहेत. कृष्णाआधी मुलगी पडद्यावर येते!

आणि सरस्वतीबाई? भांडवलासाठी दागिने त्यांचे, फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या त्याच, साऱ्या चमूचा स्वयंपाकही त्यांचाच. हे श्रम पडद्यामागेच राहिले.